दोनदा दाबायची कळ

माझा नवरा माउसला हात लावत नाही. काही माणसं दारूला लावत नाहीत, काही परक्याच्या पैशाला लावत नाहीत. हा माउसला लावत नाही, आणि ऐट मात्र अशी की तिन्ही व्रतं यानेच घेतली आहेत. घरी कुणी आलं की पाच मिनिटांच्या आत विषय तिथे पोचतो. "हात कळफलकावरून उचलला की विचार तुटतो," असं तो पाहुण्यांना सांगतो. विचार तुटतो म्हणे! बावीस वर्षं संसार केला, पण तुटण्याइतका लांब विचार या माणसाच्या डोक्यात आलेला मी तरी पाहिला नाही.

तो घरी बसून यंत्रांची माहितीपुस्तकं तपासतो. पंप, लिफ्ट, शिलाईची मशिनं. चौथ्या पानावर स्क्रू सहा सांगितलेत आणि चाळिसाव्या पानावर पाचच दाखवलेत, असलं काहीतरी हुडकून काढायचं आणि समासात लिहायचं, हे त्याचं काम. मी नर्स आहे. माझ्या हातून रोज माणसं उठून घरी जातात. याच्या हातून स्क्रू मोजले जातात. घरात दमलेला मात्र तो असतो.

हे वाचन तो ज्या प्रोग्रॅमवर करतो त्याचं कौतुक तर विचारूच नका. काळा पडदा, मधे पान, खाली एक बारीक ओळ. बटण नाही, चित्र नाही, काही नाही. जे दाबलं की खाली, के दाबलं की वर. टिपण लिहायचं तर आधी एन दाबायचं, मग लिहायचं, मग एस्केप दाबून बाहेर यायचं. एन न दाबता लिहायला गेलात तर प्रत्येक अक्षर हा हुकूम समजला जातो, आणि पान कुठल्या कुठे पळतं.

"म्हणजे लिहायच्या आधी परवानगी काढायची," मी म्हटलं. "आमच्या मेट्रनबाईंनी बनवलाय का हा?"

"अगं, एकदा सवय झाली ना की..."

"आणि पुसायचं कसं? अर्ज करून?"

"डी. पण दोनदा दाबायचं. एकदा दाबून काही होत नाही. तो थांबतो."

"कशासाठी?"

"माणसाची खात्री होईपर्यंत."

मी इतकी हसले की चहाचा ठसका लागला. कॉम्प्युटर म्हणे माणसाच्या खात्रीसाठी थांबतो. हा स्वतः एक शर्ट घ्यायला तीन दुकानं फिरतो आणि शेवटी चौथ्या दुकानातून मोजे घेऊन येतो.

मार्चच्या बावीस तारखेला आमच्या वॉर्डात सहा नंबरच्या खाटेवरच्या आजोबांना इन्सुलिन दोनदा दिलं गेलं. एकदा मी दिलं, रात्रपाळी संपताना. दुसऱ्यांदा आठ वाजता आलेल्या सकाळच्या सिस्टरने दिलं. साडेनऊला आजोबा घामाने निथळले आणि बेशुद्ध पडले. दोन दिवसांनी शुद्धीवर आले, चौथ्या दिवशी जेवण बेचव आहे म्हणून आयाशी भांडलेही. पण त्यांच्या मुलाने तक्रार केली, आणि करायलाच हवी होती.

आता यात दोष कुणाचा, हे शेंबड्या पोरालाही कळावं. तक्त्यावर माझी नोंद होती: साडेसात, चौदा युनिट, माझी सही. ते न बघता जिने पुन्हा सुई टोचली तिचा दोष. पण ही बाई, जिला आम्ही सगळ्याजणी चष्मेवाली म्हणतो, तोंड वर करून म्हणाली की आठ वाजता तक्ता कोरा होता. साडेसातची नोंद नंतर झाली. आठ वाजून दहा मिनिटांनी इंचार्ज सिस्टरने, म्हणजे मी, तिच्याकडून पेन मागून घेतलं, असंसुद्धा तिने जबाबात लिहिलं. शाळेतल्या मुली बाईंकडे जाऊन सांगतात तसं: हिने माझं पेन घेतलं.

आमच्या वॉर्डातली एक खोड इथे सांगायला हवी. बहुतेक जणी औषधं देत सुटतात आणि नोंदी शेवटी एकदम बसून करतात. वेळा अशा गोल टाकतात की घड्याळाने लाजावं: साडेसहा, सात, साडेसात. कुणी कबूल करत नाही, सगळ्या करतात. मी त्यातली नाही. मी दिल्या दिल्या लिहिते. नवीन लागलेल्या प्रत्येकीचा कान धरून मी हेच शिकवलं, आणि चौकशी समितीला दिलेल्या जबाबातही पहिलं वाक्य हेच लिहिलं.

चष्मेवालीला निलंबित केलं. मला कामावर ठेवलं, पण चौकशी दोघींची. एकीची नोकरी जाणार हे उघड होतं. माझी चार वर्षं उरली होती आणि नाव असं होतं की डॉक्टरसुद्धा अडलं की आधी मला विचारत. चष्मेवालीमुळे ते मातीत घालायची माझी तयारी नव्हती.

समितीने दोघींना एकेक पेनड्राइव्ह दिला. तीन महिन्यांचे तक्ते, वह्या, पाळीपत्रकं, सगळं स्कॅन केलेलं, रुग्णांची नावं काळ्या पट्टीने झाकलेली. अकराशे सेहेचाळीस पानं, मुदत चौदा दिवस. वाचायला घरच्या माणसाची मदत घेता येईल, पण सुनावणीला एकटीने यायचं.

"मी वाचतो," नवरा म्हणाला.

"तू? यात स्क्रू नाहीत."

"हाताने लिहिलेलं आहे, प्रोग्रॅमला शोधायला सांगून सापडणार नाही. एकेक पान बघावं लागेल. ते मला जमतं."

बस म्हटलं. नाहीतरी मी ड्युटी करून ते पसारे कधी उपसणार होते? तर पहिला दिवस याने रंग ठरवण्यात घालवला. पिवळी टिपणं समितीला दाखवायची, निळी स्वतःपुरती. व्ही दाबलं की निळी दिसणार, पुन्हा दाबलं की लपणार. माणसाला दोन थर असतात हे मला ठाऊक होतं, कागदालाही असतात हे नवीनच. बायकोची नोकरी जायला निघाली आहे आणि साहेब रंग निवडताहेत.

मग तो वाचायला बसला, आणि सलग बसला. ड्युटीवरून यावं तर जेवणाच्या टेबलावर टकटक टकटक. जे, जे, जे, एन. मान पुढे, जीभ किंचित बाहेर. मी पाठीमागून जाताना पडद्यावर माझंच अक्षर दिसायचं: ताप, नाडी, लघवी. तीन महिन्यांचं माझं काम या माणसाने असं पान पान करून कधी बघितलं असेल? कधीच नाही. मला त्याचा रागच आला. इतकी वर्षं कुठे होतास, असं वाटलं.

आठव्या दिवशी त्याने विचारलं, "रक्तपेढी कितव्या मजल्यावर आहे तुमची?"

"तळघरात. का? तिथे पंप आहे का एखादा?"

"नाही, सहज."

दहाव्या दिवशी मी केस विंचरत होते, तर दारात येऊन उभा. "त्या बावीस तारखेबद्दल एक विचारायचं होतं."

"समिती विचारणारच आहे. तू कशाला रंगीत तालीम घेतोस?"

"तसं नाही. तुला नीट आठवतं का, म्हणजे लिहिताना तू बसली होतीस की..."

"मी दिल्या दिल्या लिहिते," मी कंगवा ठेवून म्हटलं. "हे वाक्य तुला पाठ होत नसेल तर एन दाबून लिहून ठेव."

तो गेला. तोंड पाडून गेला, आणि मला वाटलं, बरं झालं.

सुनावणीच्या दिवशी सकाळी त्याने लॅपटॉप माझ्या पिशवीत घातला. चौदा पिवळी टिपणं होती, सगळी चष्मेवालीच्या चुकांची. इथे वेळ नाही, तिथे सही नाही, अमुक दिवशी गोळी उशिरा. कामाला वाघ आहे, हे कबूल करायला हवं. मी तसं तोंडाने काही म्हटलं नाही.

"स्पेस दाबलंस की पुढचं टिपण येईल," तो म्हणाला. "फक्त स्पेस. दुसरं काही दाबू नकोस. काही लिहायची वेळ आलीच, तर आधी..."

"एन. कळलं. मी ढ नाही."

"ऐक ना. जायच्या आधी पाच मिनिटं बस. मला खरंच काहीतरी..."

"संध्याकाळी," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

तो माझ्यामागे निघालाच. बाहेर बाकावर बसतो म्हणाला. बस म्हटलं, बसायला तुला कोण अडवतंय.

सुनावणी तिसऱ्या मजल्यावरच्या लांब खोलीत होती. टेबलाच्या डोक्याला अध्यक्ष डॉक्टरीणबाई, त्यांच्या एका हाताला मेट्रन, दुसऱ्या हाताला हॉस्पिटलचे कायदा अधिकारी. समोर चष्मेवाली, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत बहुधा छापलेले कागद, कारण तिच्याकडे पंपवाला नवरा नव्हता. लॅपटॉपची वायर जोडली आणि ती काळी चौकट भिंतभर मोठी झाली.

मी स्पेस दाबत गेले. पान एक्क्याण्णव, पान दोनशे तीन, पान दोनशे अठ्ठ्याऐंशी. प्रत्येक ठिकाणी पिवळी पट्टी आणि तिच्याखाली याचं ते रुक्ष टिपण. डॉक्टरीणबाई मान डोलवत होत्या, मेट्रन लिहून घेत होत्या. चष्मेवाली प्रत्येक वेळी म्हणत होती, "हो, हे माझं चुकलंय." प्रत्येक वेळी. मला तिची कीव नाही, चीडच आली. एवढं कबूल करायचं होतं तर मूळ गोष्ट कबूल करायला काय धाड भरली होती?

पान चारशे दोनवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इथे शेजारीच लिहून ठेवा, सिस्टर: सकाळच्या पाळीकडून खुलासा घ्यावा. म्हणजे नोंद राहील."

मी लिहिलं. मान ताठ, डोळे पडद्यावर नाहीत, चष्मेवालीवर. तिच्या तोंडावर काय उमटतं ते मला बघायचं होतं. बोटं आपली चालली होती झपाझप. एन दाबलं नव्हतं हे मला मेट्रनबाईंच्या "अहो, अहो" वरून कळलं.

पान आडवं झालं होतं. मग उभं झालं, मग इतकं मोठं झालं की भिंतीवर एकच अक्षर दिसायला लागलं, मग आकसून जागेवर आलं. समासात जागोजागी निळं काहीतरी उगवलं होतं. मला एकच कळ येत होती. मी स्पेस दाबलं.

पान सहाशे चौदा आलं. बावीस मार्च, खाट सहा. माझी साडेसातची नोंद, माझी सही, आणि खाली निळ्या पट्टीत, भिंतभर:

"साडेसातची नोंद हिच्याच हातची. पण सव्वासात ते सात पन्नास ही खाली रक्तपेढीत होती, पान ८७१, तिथेही हिचीच सही. म्हणजे इन्सुलिन त्याआधी दिलं आणि नोंद नंतर केली. आठ वाजता तक्ता कोराच असणार. सकाळची सिस्टर खरं सांगते आहे. ही खोटं बोलत नाही, हिला आठवतच नाही. हिला कसं सांगू?"

मी घाईघाईने पुन्हा स्पेस दाबलं, हे जावं म्हणून. तर पुढचं आलं, तेही निळं, पाळीपत्रकावर:

"सलग सोळावा तास. त्या आठवड्यातली चौथी दुहेरी पाळी. घरी आल्यावर मी काहीच विचारलं नव्हतं."

"हे कुणाचं टिपण आहे?" कायदा अधिकाऱ्यांनी विचारलं.

"माझ्या नवऱ्याचं."

कुणीतरी खाकरलं. कायदा अधिकारी चांगले गृहस्थ होते, की त्यांना लवकर घरी जायचं होतं, देव जाणे, ते म्हणाले, "म्हणजे घरगुती मत. ते काही दप्तरात धरायची गरज नाही. तुम्ही पुढे चला, सिस्टर."

दार सताड उघडं होतं. वाक्यही जिभेवर तयार होतं: त्याला काय कळतंय, तो पंपांची पुस्तकं वाचतो. हे वाक्य मी बावीस वर्षं वापरलंय. पाहुण्यांसमोर, माहेरी, त्याच्या तोंडावर. गुळगुळीत झालंय, आपोआप निघतं. मी तोंड उघडलं आणि समोर बघितलं. चष्मेवालीने चष्मा काढून टेबलावर ठेवला होता आणि पदराने डोळे पुसत होती. ती माझ्याकडे बघतही नव्हती. ती भिंतीवरचं ते एक वाक्य पुन्हा पुन्हा वाचत होती: सकाळची सिस्टर खरं सांगते आहे. दीड महिन्यात तिच्याबद्दल हे कुणी लिहिलं नव्हतं.

आणि मला पेन आठवलं. आधी सबंध सकाळ नाही, फक्त पेन. माझं पेन रक्तपेढीतल्या बाकावर राहिलं होतं. लिफ्ट बंद होती, मी ती थंडगार पिशवी छातीशी धरून जिने चढले, अकरा नंबरला रक्त लावलं, आणि मग घरचा कोट अंगात घालून, निघता निघता, तक्त्यांची चळत समोर ओढली. खिसा चाचपला. शेजारी ही उभी होती. "द्या हो जरा," मी म्हटलं, तिच्या तोंडाकडे न बघता, आणि उभ्या उभ्या आठ खाटांचं लिहून टाकलं. साडेसात, साडेसात, साडेसात. ज्या नव्या मुलींचे कान धरले त्यांच्यासारखीच. बहुतेक दिवशी मी हेच करत आले होते. निळी टिपणं मागच्या पानांवरही होती.

"त्याचं बरोबर आहे," मी म्हटलं.

"काय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नवऱ्याचं बरोबर आहे. मी नंतर लिहिलं. पेनसुद्धा यांचंच होतं." आणि ते वाक्य, जबाबातलं पहिलं, मी त्यांना खोडायला सांगितलं.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात माझी काही शोभा नाही. चष्मेवालीचं निलंबन तिथल्या तिथे उठवलं. माझ्याकडून वॉर्ड काढून घेतला. नोकरी राहते की जाते, ते पत्राने कळवणार. मेट्रनबाई, ज्या सकाळी मला "या, बसा" म्हणाल्या होत्या, त्यांनी मला वायर नीट गुंडाळून ठेवायला सांगितलं. चष्मेवाली दारात थांबली. मला वाटलं, आता ऐकवते. तिने फक्त विचारलं, "सोळा तास?" मी हो म्हटलं. "मला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली आणि गेली. तिला नावं ठेवायला मला तेव्हा काहीच सुचलं नाही.

नवरा बाकावर होता, मांडीवर कोट, तोंड परीक्षेला बसलेल्या पोराच्या बापासारखं. माझ्याकडे बघून उठला.

"चालला ना नीट? अडला नाही ना कुठे?" प्रोग्रॅमचं विचारत होता. या माणसाला कुठे काय विचारावं हे मरेपर्यंत कळणार नाही.

"एन राहिलं," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. "व्ही दाबलं गेलं?"

"भिंतभर."

तो बाकावर परत बसला. मीही बसले. समोरून एक आया बादली घेऊन गेली, ओल्या फरशीवर तिच्या चपला चिकटत होत्या. मला रडायचं नव्हतं म्हणून मी भांडायला लागले. "कसला तुझा प्रोग्रॅम! चार कळा चुकीच्या पडल्या की माणसाचं घरातलं सगळं भिंतीवर. आणि तू! लिहिलंस ते लिहिलंस, मला पाठवण्याआधी पुसून का नाही टाकलंस? पुसायची कळ आहे ना तुझ्या त्या काळ्या भांड्यात?"

"आहे," तो म्हणाला. "डी."

"मग?"

तो कोटाच्या बटणाशी चाळा करत राहिला.

"एकदा दाबली होती," तो म्हणाला.